तुम्ही विचारलंत म्हणून: मासा सोडायचाच, तर पकडायचा कशाला?

भारतातून कुणी राहायला आलं की हा प्रश्न ठरलेला. त्याच्या पाठोपाठ दुसरा: आणि वर मासे पकडायला घेऊन जाणाऱ्या गाईडला पैसे? विचारणाऱ्यांत कोकणातले जास्त. हाती लागलेल्या माशाचं पुढे काय करायचं, याबद्दल त्यांच्या मनात कधीच शंका नसते.

पहिल्याचं निम्मं उत्तर कायद्यात आहे. मी जातो ते टेक्ससमधलं लेक फोर्क हे तळं, डॅलसच्या पूर्वेला गाडीने साधारण दीड तासावर. धरणाचंच पाणी, सुमारे 27 हजार एकर. 1980 मध्ये बांध पुरा झाला, तेव्हा बुडणारी झाडं बरीचशी मुद्दाम उभीच ठेवली आणि पाण्यात फ्लोरिडा जातीचे बास, म्हणजे गोड्या पाण्यातले शिकारी मासे, सोडले. हे अफाट वाढतात. टेक्ससमधला लार्जमाउथ बासचा विक्रम, 18.18 पौंड, जानेवारी 1992 मध्ये इथेच झाला. म्हणून नियम असा: 16 ते 24 इंचांमधला बास घरी न्यायचा नाही, 24 किंवा त्याहून मोठा दिवसाला फक्त एक. एवढ्या मोठ्या म्हणजे बहुतेक माद्याच. नियम कशासाठी, ते कळलंच असेल.

आता गाईड. वसंतात बास काठाशी येतो, तेव्हा नवखाही चार मासे काढतो. खरी परीक्षा जुलैत. उजाडायच्या आधी निघायचं, पाणवेलींच्या कडेने गळाला लावलेला रबरी बेडूक उड्या मारत आणायचा. पाणी फाटल्यासारखा आवाज होतो आणि बेडूक गायब! ही मजा तासाभराची. ऊन वर आलं की काठ रिकामा.

मासा जातो कुठे? उन्हाळ्यात तळ्याचे थर पडतात, वर कोमट पाणी, खाली थंड. उकाड्यात तो तळाच्या गारव्यात जाऊन बसेल असं आपल्याला वाटतं, पण तिथे प्राणवायू फारसा उरलेला नसतो. म्हणून तो दोन्ही थरांच्या सीमेच्या जरा वर, कशाच्या तरी आडोशाला थांबतो. ते ‘कशाच्या तरी’ म्हणजे काय, हे माहीत असण्याचे गाईड पैसे घेतो. मला भेटलेला गाईड म्हातारा आणि अबोल. चारही बाजूंना सारखंच दिसणाऱ्या पाण्यात त्याने बोट थांबवली आणि म्हणाला, खाली गुरांचं तळं होतं, त्याच्या बांधावर टाक. फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र, माझ्याकडेही आहे. पडद्यावर ठिपके मलाही दिसतात. त्यांतला कुठला खायला तयार आहे, ते मात्र त्यालाच कळतं.

दोरीला जड शिसं, त्यामागे हातभर दोरीवर प्लास्टिकचा गांडूळ. हे तळावरून ओढत आणायचं, आणि ओढायचं इतकं सावकाश की कंटाळा यावा. तो दिवसभर एवढंच सांगत होता, “हळू. अजून हळू.” मग काठीतून तळ कळायला लागतो: खडीवर खरखर, चिखलात नुसतं जडपण, फांदीवरून उतरताना छोटासा धक्का. बास लागतो तेव्हा मोठा हिसका बसेल असं समजू नका. बऱ्याचदा दोरी फक्त जरा जड होते, नाहीतर बाजूला सरकू लागते. माझ्या मते सगळा खेळ त्या क्षणाचा. पुढची ओढाताण फोटोत चांगली दिसते, इतकंच.

मासा वर आला की आधी हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचा रोगांपासून बचाव. खालच्या जबड्यात अंगठा घालून धरायचं, मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली. गळ काढायचा आणि लगेच पाण्यात. उन्हाळ्यात यात वेळ काढला तर सोडलेला मासाही मरतो. फोटोसाठी पोझ देत बसणाऱ्यांवर म्हातारा चिडतो ते योग्यच.

तुम्हाला यायचं असेल तर अर्ध्या दिवसाची ट्रिप घ्या. दुपारच्या उन्हात पैसे घालवण्यात अर्थ नाही. वय 17 किंवा जास्त असेल तर स्वतःचं मासेमारीचं लायसन्स काढा, गाईडचं तुम्हाला चालत नाही. आणि खायचाच असेल तर 16 इंचांखालचे बास चालतात, दिवसाला एकूण पाचपर्यंत. पण कालवणाला मी कॅटफिशच घेईन. कोकमं तेवढी येताना आणा.