ऑस्ट्रेलियाच्या १८९ व्हिसाची वाट न बघता ४९१ घेतला, माझा अनुभव

मी सिव्हिल इंजिनियर, पुण्यात नोकरी करत होतो, बायको बँकेत. बाहेर जायचं ठरलं तेव्हा सगळ्यांसारखं आधी कॅनडाच डोक्यात होतं, कारण निम्मे मित्र तिकडेच. तिकडे पॉइंट मोजून पीआर (कायमचं राहायची परवानगी) देतात. स्कोअर काढला तर बत्तीस वय, बीई, सहा वर्षं अनुभव, इंग्रजी चांगलं, सगळं धरून गाडी ४१० च्या आसपास अडकली, आणि २०२३ मध्ये तिकडचा जनरल ड्रॉ (उमेदवार निवडायची फेरी) ४८० च्या खाली आलाच नाही. प्रोव्हिन्सचं नॉमिनेशन (तिथल्या राज्याची शिफारस) मिळालं की ६०० पॉइंट मिळतात, मग प्रश्नच मिटतो, पण ते मिळवायचं कसं हेच तर कोडं. एकाने सांगितलं फ्रेंच शिक (त्याला स्वतःला येत होतं, सांगायला काय जातंय). आणि जोडीदारासोबत अर्ज असेल तर तिशीपासून दर वाढदिवसाला पाच पॉइंट जातात, म्हणजे थांबाल तितकं मागे.

ऑस्ट्रेलियात वयाचा हिशोब टप्प्याटप्प्याने आहे, २५ ते ३२ ला ३० पॉइंट आणि तेहतीस पूर्ण झाली की २५. माझे वयाचे ३०, डिग्रीचे १५, पीटीई या इंग्रजीच्या परीक्षेत सगळीकडे ७९ च्या वर आले त्याचे तेव्हाच्या नियमाने २०, अनुभवाचे १०, बायकोच्या इंग्रजीचे ५, आणि मराठीचे ५. हो, मराठीचे! नाटी म्हणजे तिकडची दुभाषांना मान्यता देणारी संस्था, तिची सीसीएल म्हणून परीक्षा असते, त्यात मराठी आहे. ऑनलाइन दोन संवाद ऐकवतात, एक माणूस इंग्रजीत बोलतो, दुसरा मराठीत, आणि तुम्ही मध्ये दुभाषी. एका वेळी जास्तीत जास्त ३५ शब्द, ९० पैकी ६३ मार्क लागतात. मला वाटलं होतं आपलीच भाषा, काय अवघड आहे, पण बायकोने घरी डॉक्टर आणि पेशंट असं दोन्ही होऊन वाचायला सुरुवात केली तेव्हा कळलं की औषधाचा डोस, तारीख आणि पत्ता एका दमात आले की त्यातलं एक काहीतरी हमखास निसटतं. नोट्स काढायची सवय लावा, एवढंच सांगेन.

झाले ८५. किमान ६५ लागतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं त्याच्यावर जाऊ नका, ६५ म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी.

सगळ्यात जास्त घाम सीडीआरने, म्हणजे आपण केलेल्या इंजिनियरिंग कामाच्या अहवालाने काढला. कॉलेजचा कोर्स एनबीएच्या (इंजिनियरिंग कोर्स तपासणारं आपलं बोर्ड) तिकडे चालणाऱ्या मान्यतेत बसत नव्हता, म्हणून डिग्री आणि काम तपासणाऱ्या इंजिनियर्स ऑस्ट्रेलियाकडे तीन करिअर एपिसोड (केलेल्या कामांची वर्णनं) लिहून द्यावे लागले. एक कन्सल्टंट तयार सीडीआर द्यायला बसलाच होता, पैसे टाका आणि घेऊन जा. तिकडे कॉपी पकडतात आणि बंदीही घालतात, त्यामुळे त्याला तिथूनच नमस्कार. आपल्याला "आम्ही केलं" म्हणायची सवय, पण इथे ते चालत नाही, रिटेनिंग वॉलचं कॅल्क्युलेशन मी केलं, चूक मला सापडली, साइटवर बदल मी सुचवला, असं मी मी करत पानंच्या पानं लिहायची. जुन्या कंपनीच्या एचआरकडून कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र मिळवणं हा वेगळाच छळ, रिलीव्हिंग लेटरच्या पुढे ते जातच नाहीत. शेवटी माझ्या जुन्या मॅनेजरने मध्ये पडून ते काम केलं. पीएफचं पासबुक आणि फॉर्म १६ जोडायला विसरू नका.

आता खरा प्रश्न, व्हिसा कुठला. १९० घेतला तर स्टेटच्या नॉमिनेशनचे ५ मिळून ९०, आणि पीआर पहिल्या दिवसापासून. ४९१ ला १५ मिळून १००, पण तो पाच वर्षांचा प्रोव्हिजनल, तीन वर्षं रीजनल (मोठी शहरं सोडून) भागात राहून मग १९१, म्हणजे पीआर. १८९ मध्ये कुणाचंच नॉमिनेशन लागत नाही म्हणून सगळे त्याच्यामागे, पण माझा तेहतिसावा वाढदिवस पूर्ण व्हायला काही महिनेच उरले होते, आणि तो उलटला की ८५ चे ८०. १९० आणि ४९१ दोन्हीसाठी ईओआय (व्हिसात रस आहे असं कळवणारा अर्ज) टाकून ठेवले. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडून ४९१ चं नॉमिनेशन आधी आलं.

घरात दोन दिवस नुसता वाद. सासरे म्हणाले, "जावईबापू, म्हणजे ते पर्मनंट नाहीच ना?" बायकोचंही तेच, चांगली बँकेतली नोकरी सोडून टेंपररी कशाला जायचं, १९० येईपर्यंत थांबू. मी म्हटलं रीजनल म्हणजे खेडं नाही गं, सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडलं तर पर्थ, ॲडलेडसकट सगळा देश रीजनलमध्ये येतो. मेडिकेअर (तिकडची सरकारी आरोग्यसेवा) पहिल्यापासून मिळतं. आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठं कारण म्हणजे १९१ ला ना पॉइंट मोजतात ना वय, किमान उत्पन्नाची अटही काढून टाकलीय, फक्त तीन वर्षांचे टॅक्सचे असेसमेंट दाखवायचे आणि अटी पाळलेल्या असल्या पाहिजेत. म्हणजे वाढदिवसाची धास्ती एकदाची संपली. हे ऐकून ती तयार झाली, सासरे अजून नाहीत.

फी तेव्हा माझी ४,६४० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि तिची २,३२०, शिवाय मेडिकल आणि पासपोर्ट ऑफिसचं पीसीसी (पोलिस क्लिअरन्स). इन्व्हिटेशननंतर ६० दिवसांत अर्ज टाकावा लागतो, तेव्हा पैशांची सोय आधी करून ठेवा.

तोटे आहेत, लपवत नाही. तीन वर्षं होईपर्यंत १९० किंवा १८९ ला उडी मारता येत नाही. एप्रिल २०२५ पासून टेंपररी व्हिसावाल्यांना जुनं घर विकत घेता येत नाही, ही बंदी मार्च २०२७ पर्यंत आहे, त्यामुळे आम्ही भाड्यानेच राहतोय. मेलबर्नला चांगली ऑफर आली होती ती सोडावी लागली, तेव्हा दोन दिवस डोकं फिरलं होतं. पण पर्थला सिव्हिलवाल्यांना काम आहे, टॅक्सचं पहिलं असेसमेंट हातात आलंय, आणि मी ईओआय टाकला त्याच सुमारास १८९ चा टाकलेला कॉलेजचा मित्र अजून पुण्यातूनच विचारतो की पुढचा राउंड कधी आहे रे.