दम लागला तर दम खा

उत्तरायणाच्या दिवशी तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन गच्चीवर निघाले होते. आमच्या बडोद्यात मराठी घरांतही संक्रांतीला सर्रास उत्तरायणच म्हणतात. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि कठडा धरून थांबावं लागलं. वरून ‘काप्यो छे!’, पतंग कापला, अशा आरोळ्या ऐकू येत होत्या, सगळं घर गच्चीवर होतं, आणि राहिलेला एक मजला माझ्याच्यानं चढवेना.

मी ४६ वर्षांची आहे. दांडिया बाजारात राहते, घरीच शिवणकाम करते. चनियाचोळी, म्हणजे गरब्याची घागरा-चोळी, हे माझं मुख्य काम. श्रावणापासून मशीनवर बसते ती दसऱ्यालाच उठते म्हणा ना. दहा-दहा मीटर घेराचे चनिये माझ्या हातून जातात, ते घालून मुली रात्रभर गरबा खेळतात, आणि मी मात्र सोसायटीच्या गरब्यात दोन फेऱ्या झाल्या की खुर्चीवर. ही गोष्ट मनाला फार वर्षं लागून होती. कधी बोलले नव्हते, एवढंच.

साखर तपासली तर काठावर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्याला कमीत कमी १५० मिनिटं दम लागेल असा व्यायाम करायचा आणि दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असं काहीतरी. दम किती लागायला हवा, हेही त्यांनी सोपं करून सांगितलं: बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाणं जमलं तर वेग वाढवा, दोन शब्दही फुटेनात तर कमी करा. पुढचं वर्षभर मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या एका वाक्याचा.

हे म्हणाले, ‘कमाटी बागेत चालायला जात जा.’ पण एकटीनं चालायला जाण्याचे माझे संकल्प याआधी चारपाच वेळा मोडले होते. मला सोबत हवी होती, ठरलेली वेळ हवी होती, आणि आपण गेलो नाही तर विचारणारं कुणीतरी. म्हणून ठरवलं की गावात जे जे क्लास आहेत त्यांचे ट्रायल घ्यायचे. हे काही महिन्यांचं काम आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

पहिला झुंबा, जुना पादरा रोडवर. मी मुद्दाम सगळ्यात मागे उभी राहिले, कोणाला दिसायला नको म्हणून. तिसऱ्या गाण्यात सगळ्यांनी पाठ फिरवली आणि मागची रांग एकदम पुढची झाली. माझ्यासमोर कोणीच नव्हतं, नुसती भिंत. काय करायचं कळेना. तेव्हापासून मी नवीन बाईला सांगते, मागे नको, मधे उभी राहा. पुढे, मागे, बाजूला, कुठेही तोंड फिरवलं तरी समोर कोणीतरी जाणतं असतं.

झुंब्यात शिकवणारी मुलगी बोलतच नाही, हेही मला माहीत नव्हतं. पुढची स्टेप यायच्या जरा आधी ती हातानं खूण करते: इकडे, तिकडे, दोनदा, वळा. मी वाट बघत होते की कोणीतरी ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणेल. नंतर वाचलं की हा प्रकार कोलंबियातल्या काली शहरात बेतो पेरेझ नावाच्या नर्तकाकडून सुरू झाला. एरोबिक्सच्या वर्गाला तो आपली नेहमीची कॅसेट विसरला आणि जवळच्या साल्सा-मेरेंगेच्या कॅसेटवर त्यानं वर्ग घेतला. मग माझ्या लक्षात आलं की इथे व्यायाम गाण्याच्या मागून चालतो, मोजणीच्या नाही. दुसऱ्या वेळी मी फक्त पाय बघितले, हात सोडून दिले. तिसऱ्या वेळी हात आपोआप लागले. पहिल्याच दिवशी ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून सोडलं असतं तर मोठी चूक झाली असती. पहिल्या दिवशी माणूस व्यायाम करतच नसतो. तो खोली, माणसं, आवाज, आरसा यांचीच ओळख करून घेत असतो.

सायकलच्या क्लासला, म्हणजे खोलीतल्या जागेवरच्या सायकलींच्या, अकोट्यात गेले. अंधार, निळे दिवे, मोठं संगीत. मला बसवलं आणि क्लास सुरू झाला. सीटची उंची कोणी लावून दिली नाही. दहाव्या मिनिटाला मला थांबायचं होतं, पण पाय थांबेनात. या सायकलींचं पुढचं जड चाक फिरत राहतं आणि त्याबरोबर पॅडलही फिरत राहतात. थांबायचं तर मधला नॉब खाली दाबावा लागतो. हे सांगितलं नव्हतं. पायाची पकड सुटली आणि पॅडल नडगीवर बसलं. दोन आठवडे निळं होतं. शेजारच्या सायकलवरच्या मुलीनं हात लांब करून नॉब दाबला, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

क्लासनंतर तिनंच दाखवलं: सायकलच्या बाजूला उभं राहायचं, सीट कमरेच्या हाडाच्या उंचीला आणायची, आणि वर बसून पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहतो का ते बघायचं. दोन मिनिटांचं काम. मला शिकवणाऱ्याचा राग आला, तो अजून गेलेला नाही. नवीन माणूस दारात आला की त्याला यंत्र थांबवायचं कसं, हे चालवण्याच्या आधी सांगायला हवं. शिवणाच्या मशीनवर एखादी मुलगी शिकायला आली तर मी तिला सुई कुठे आहे आणि बोट कुठे ठेवायचं, हे आधी सांगते. धागा नंतर.

मग अलकापुरीतला टबाटा. नाव जपानी आहे. इझुमी टबाटा या संशोधकाचा अभ्यास १९९६ साली छापून आला, त्यावरून हे नाव पडलं: २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद थांबायचं, असं आठ वेळा. चार मिनिटांत संपतं. पण तो प्रयोग तयारीच्या खेळाडूंवर, सायकलवर झालेला होता. आमच्याकडे तेच चार मिनिटांचे सहा गठ्ठे एकामागून एक, उड्यांसकट. माझ्या गुडघ्यांचं मी सांगितलं होतं. तरी ‘कम ऑन आंटी, लास्ट टेन!’ चाललंच होतं. मी थांबायला हवं होतं. डॉक्टरांचं वाक्य आठवत होतं, दोन शब्दही फुटत नव्हते, पण सगळे उड्या मारत असताना एकटीनं थांबायची लाज वाटली. शेवटी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि जिन्यात जाऊन बसले. कोणी बघायला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बरी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरता येईना. चढता येत होतं, उतरता नाही. स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, तेव्हा त्याला बारीक इजा होते, आणि ते दुखणं एक ते तीन दिवसांत भरात येतं. उतरताना मांडीचे स्नायू नेमकं तेच करत असतात. हे माहीत नसल्यामुळे मी घाबरले होते, काही तुटलं का म्हणून. त्या आठवड्यात लग्नाचे अकरा ब्लाउज द्यायचे होते. मुलीनं काजं-बटणं केली म्हणून वेळेवर गेले.

त्यानंतर महिनाभर मी कुठेच गेले नाही. खरं सांगते, इथे सगळं संपलं असतं.

एप्रिलमध्ये आई चार दिवस राहायला आली होती. जिन्यात बसल्याचं तिला सांगितलं तर म्हणाली, ‘अगं, दम लागला तर दम खावा माणसानं. आजोबा काय सांगायचे?’ माझे आजोबा, आईचे वडील, जुम्मादादा व्यायाममंदिरात जायचे, इथेच दांडिया बाजारात. प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा म्हणून सगळं बडोदं ज्याला ओळखतं, तो. जुम्मादादा हे माणिकरावांचे उस्ताद; त्यांचंच नाव त्यांनी व्यायाममंदिराला दिलं. हाडं बसवण्याबद्दल माणिकरावांची जितकी ख्याती होती, तितकीच संघव्यायामाबद्दल: हिंदी आज्ञा, आणि त्यावर एका वेळी शेकडो मुलांच्या कवायती. मी जे ‘ग्रुप क्लास’ म्हणून शोधत अलकापुरीपर्यंत गेले, ते माझ्या घरापासून पाच मिनिटांवर कितीतरी आधीपासून चालत आलं आहे, हे मला आईच्या तोंडून कळलं. आजोबा म्हणायचे, जोर मारताना जो दम खातो तोच दुसऱ्या दिवशी परत येतो. आपल्या भाषेत दम लागतो, दम भरतो, दम टिकतो, आणि दम खाताही येतो. शेवटचं मी विसरले होते.

आईला घेऊनच कमाटी बागेत गेले. तिथे सकाळी सहाला झाडाखाली एक मंडळ बसतं, फुकट. निम्मे मराठी, निम्मे गुजराती, बहुतेक साठीच्या पुढचे. आईला वाटेत म्युझियममधल्या त्या दगडाची आठवण झाली, गामा पहिलवानांनी १९०२ साली उचलला अशी नोंद असलेला, १२०० किलोचा. लहानपणी मामानं आम्हाला तो दाखवायला नेलं होतं. मंडळात मात्र कोणाला काही उचलायचं नव्हतं. बारा सूर्यनमस्कार, बारा नावं. ‘ओम मित्राय नमः’ म्हणताना शाळेतलं सगळं परत आलं. नमस्कार घालून दाखवणाऱ्या काकांनी सुरुवातीलाच सांगितलं, ‘थाकी जाओ तो बेसी जजो, बेन.’ दमलात तर बसा. आणि खरोखर लोक बसत होते, दोन नमस्कार सोडून पुन्हा उठत होते, कोणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. मी सातव्याला बसले. नवव्याला उठले. घरी आले तेव्हा मला काय हवं होतं ते मला कळलं होतं.

तेव्हापासून कुठल्याही क्लासला फी भरायच्या आधी मी एकच प्रश्न विचारते: ‘उड्या मारायच्या नसतील तर त्याऐवजी काय करू?’ जो लगेच उभा राहून दाखवतो, त्याच्याकडे जायचं. ‘करून तर बघा, होईल सवय’ म्हणतो, त्याला नमस्कार. या एका प्रश्नावर माझे चार क्लास गळाले आणि एक मिळाला.

तो मांजलपूरला आहे, आठ बायकांची बॅच, मंगळवार आणि शुक्रवार. वजनांचा. शिकवणारी पंचविशीतली आहे. पहिल्या दिवशी तिनं वजनाला हात लावू दिला नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि सावकाश बसा, एवढंच दहा वेळा. बसायला चार आकडे मोजायचे. ‘बसतानाच ताकद येते, धपकन बसू नका बेन,’ म्हणाली. त्याच मांड्या, ज्या टबाट्यानंतर जिना उतरत नव्हत्या, त्यांना तिनं हळूहळू उतरायला शिकवलं. दोन-दोन किलोच्या डंबेल्सनी सुरुवात केली, आता पाचच्या घेते. दर तीन मिनिटांनी ती स्वतःच ‘पाणी’ म्हणते. थांबणं तिनं वेळापत्रकातच घातलं आहे, त्यामुळे कोणाला लाज वाटायचा प्रश्न येत नाही. मशीनवर बसून पाठीत जी कळ यायची ती जुलैत गेली. ती कधी गेली ते कळलंही नाही. एक दिवस लक्षात आलं की संध्याकाळी उशी घेतलेली नाही.

झुंबाही ठेवला, बुधवारी. गुडघ्यांना जपून.

ऑगस्टमध्ये रावपुऱ्यात गरब्याचा वर्ग लावला. कामाचे दिवस, श्रावणाची गर्दी, तरी लावला. माझ्या आजूबाजूला कॉलेजच्या मुली, त्यांतल्या तिघींच्या चोळ्या मीच शिवत होते. बे ताळी, त्रण ताळी, म्हणजे दोन आणि तीन टाळ्यांचा गरबा, मग दोढियुं हा पुढचा प्रकार. त्याचा ताल हींच, सहा मात्रांचा. झुंब्यात शिकलेलं ‘आधी पाय, हात मागून’ इथे कामाला आलं, पण टाळी तर हातांचीच, म्हणून परत सगळं नव्यानं. दोन महिन्यांत दोढियुं पूर्ण आलं असं म्हणणार नाही. वळताना अजून अर्ध्या मात्रेनं मागे पडते.

नवरात्रात पहिल्या रात्री मी स्वतःसाठी शिवलेली चनियाचोळी घातली, मोरपंखी, बारा मीटर घेराची. इतकी वर्षं मी गरब्याचं चक्र खुर्चीवरून बघितलं होतं आणि एक गोष्ट कधी ध्यानातच आली नव्हती. त्यातून लोक सतत बाहेर पडत असतात. कोणी मूल सावरायला, कोणी पाणी प्यायला, कोणी नुसतं उभं राहायला. जागा सापडली की परत आत शिरतात, कुठूनही. चक्र कोणासाठी थांबत नाही आणि कोणाला अडवतही नाही.

अष्टमीला मी तीनदा बाहेर आले, घाम पुसला, पाणी प्यायले, आणि तीनदा आत गेले. आरती झाली तेव्हा आतच होते.