वळणं पुसलेली बाग

न्यूयॉर्कात बर्फ किती पडला, हे सेंट्रल पार्क ठरवतं. क्वीन्समधल्या तुमच्या दारात गुडघाभर साचलेला असो, शहराच्या नावावर लागतो तो या बागेत मोजलेला आकडा. जानेवारी 2016 च्या वादळात इथं 27.5 इंच भरला आणि तोवरचे सगळे विक्रम मोडले.

आकडा काही का असेना, वादळ ओसरलं की सकाळीच बागेत जावं. उशीर केलात तर कडेचा राखाडी रेंदा तेवढा बघायला मिळेल. भुसभुशीत बर्फातली पोकळी आवाज गिळते, त्यामुळे फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू हाकेच्या अंतरावर असूनही ऐकू येते ती आपल्याच बुटांची करकर.

मला मात्र खरी गंमत वाटते ती वाटांची. ही 843 एकरांची बाग दिसते निसर्गाची, पण आहे पुरती बेतलेली. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीच्या आराखड्याला 1858 मध्ये पहिलं बक्षीस मिळालं. मग तळी खणली, गाड्या भरभरून माती आणली. बाग आडवी कापणारे चार रस्ते खोल खाचेत घातले, रहदारी नजरेला पडायला नको म्हणून. पायवाटा मुद्दाम वळणावळणाच्या ठेवल्या. घाईतल्या माणसानं निदान इथं तरी रेंगाळावं!

एवढा बेत बर्फ एका रात्रीत झाकून टाकतो. मोठे रस्ते लगेच साफ होतात, पण आतल्या बाजूला वाट कुठली नि हिरवळ कुठली, कळत नाही. मग न्यूयॉर्ककर काय करतो? नाकासमोर चालतो. पहाटे कुत्र्याला घेऊन आलेल्या कुणीतरी सरळसोट चर पाडलेला असतो आणि मागचे सगळे निमूट त्याच चरातून. दुसरा पाडायच्या भानगडीत कुणी पडत नाही. समोरून माणूस आला की ‘सॉरी, सॉरी’ दोघंही म्हणतात. बाजूच्या बर्फात उतरतो तो ज्याचे बूट चांगले असतात तो. माझे बरे आहेत, दुर्दैवानं.

दिशा चुकलीच तर दिव्याचा खांब गाठावा. त्यावरच्या छोट्या पट्टीवर नंबर असतो. त्याचे पहिले आकडे म्हणजे जवळच्या रस्त्याचा नंबर. शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही पूर्वेला, विषम असेल तर पश्चिमेला. हातमोज्यानं बर्फ खरवडल्यावर 67 आणि शेवटी सम आकडा दिसला, तर बाल्टो जवळच आहे. 1925 मध्ये अलास्कातल्या नोम गावी घटसर्पावरचं औषध पोचवताना शेवटच्या टप्प्यात बर्फगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या पुढे धावलेला हा कुत्रा. त्याच वर्षी त्याचा ब्राँझचा पुतळा इथं बसला. मुलांनी बसून बसून त्याची पाठ चकचकीत केली आहे. त्याच्यासमोरून आजची मॅनहॅटनची कुत्री रबरी बूट घालून, एकेक पाय झटकत जातात. रस्त्यावर टाकलेलं मीठ पंजांना झोंबतं, हे कबूल. पण बाल्टोच्या देखत?

तिथून थोडं वर पिलग्रिम हिल ही टेकडी. घसरायला येतात ती मुलं, असं म्हणायचं. मागच्या हिवाळ्यात तिथं अचानक मराठी कानावर आलं. खालून एक बाई जीव तोडून ओरडत होत्या, “अहो, झाड! झाड बघा!” अहो पोराची घसरगाडी घेऊन एकटेच सुटले होते, आणि पोरगं माथ्यावर उभं राहून आपली पाळी कधी येणार म्हणून विचारत होतं.