आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद नोंदवही : काम कुठवर आलं (भाग ४)

आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धांचे निकाल आपण मिळून स्प्रेडशीटच्या वहीत भरतोय. या खेपेला गुमी (दक्षिण कोरिया) २०२५ पूर्ण झालं, भुवनेश्वर २०१७ दुसऱ्यांदा तपासून झालं आणि १९८५ च्या आधीच्या पाच स्पर्धांना हात घातला. वेळ खाल्ला तो या शेवटच्या कामाने. वहीत नव्याने सामील होणाऱ्यांनी आकडे टाकायच्या आधी खालचं वाचून घ्यावं. बहुतेक चुका एकाच जातीच्या असतात : आकडा बरोबर, पण तो कुठल्या नियमाखाली मोजलाय ते लिहिलेलं नाही.

आधी स्पर्धेची ओळख. गुमीची स्पर्धा अधिकृत क्रमाने २६ वी, पण प्रत्यक्षात झालेल्या स्पर्धा २५ च. २०२१ ची हांगझोऊची २४ वी स्पर्धा रद्द झाली आणि बँकॉक २०२३ ला थेट २५ वा क्रमांक मिळाला. म्हणून ‘आवृत्ती क्रमांक’ ही ओळीची किल्ली (ओळ ओळखायची खूण) करू नका. नुसतं शहरही चालत नाही : जकार्ता तीनदा आहे (१९८५, १९९५, २०००), टोकियो दोनदा (१९७९, १९८१), मनिला दोनदा (१९९३, २००३), शिवाय मरिकिना १९७३ ला काही याद्या सरळ ‘मनिला’ म्हणतात. ‘दर दोन वर्षांनी’ हे गृहीत धरून रिकाम्या ओळी आखल्या तर १९७७ ची भुताटकी तयार होते. १९७५ नंतर थेट १९७९, १९९५ नंतर १९९८, आणि २००२ नंतर लगेच २००३. आता किल्ली ‘वर्ष-शहर’ अशी जोडून केली आहे.

दुसरा नेहमीचा घोळ एशियाडशी. दिल्ली १९८२ हे एशियाड, दिल्ली १९८९ ही आपली स्पर्धा. सोल १९७५ आपलं, सोल १९८६ एशियाड. ग्वांगझोऊ २००९ आपलं, २०१० एशियाड. दोहा २००६ एशियाड, २०१९ आपलं. पी. टी. उषाची पाच सुवर्णपदकं जकार्ता १९८५ ची (१००, २००, ४००, ४०० मीटर अडथळा आणि ४×४०० रिले) आणि चार सुवर्णांसह एक रौप्य हे सोल एशियाडचं. जुन्या कात्रणांत ही दोन्ही वर्षं सर्रास एकमेकांत मिसळलेली दिसतात. तसंच अविनाश साबळेचं ३००० मीटर स्टीपलचेसमधलं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) ८:१९.५० हे हांगझोऊ एशियाडचं सुवर्ण. ते २०२३ चं असलं तरी या वहीत येत नाही. वहीत त्याच्या दोनच ओळी : दोहा २०१९, रौप्य, ८:३०.१९ आणि गुमी २०२५, सुवर्ण, ८:२०.९२.

वेळ भरण्याची पद्धत बदलली आहे, हे नीट वाचा. स्प्रेडशीटमध्ये ८:२०.९२ टाकलं की ती मिनिटं-सेकंद धरते, पण दशांश नसलेलं ९:१८ टाकलं की तास-मिनिटं धरते. म्हणजे हातघड्याळाच्या (हाताने चालवायच्या स्टॉपवॉचच्या) जुन्या वेळा साठपट होतात आणि क्रमवारीत तळाला जाऊन बसतात. गंमत म्हणजे पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, त्यामुळे डोळ्यांनी सापडत नाहीत. उपाय असा : ‘छापील वेळ’ हा रकाना भरण्याआधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवायचा आणि शेजारी ‘सेकंद’ हा आकड्याचा रकाना. साबळेच्या ओळीत ८:२०.९२ आणि ५००.९२. तीनने भागलं की किलोमीटरला २:४६.९७ मिळतं. स्टीपलचेसमध्ये फेरीच्या वेळांवरून गती काढायच्या फंदात पडू नका. पाण्याचा खड्डा ट्रॅकच्या आत आहे की बाहेर यावर फेरी ४०० मीटरपेक्षा लहान किंवा मोठी होते, आणि सुरुवातीची रेषाही त्याप्रमाणे सरकते. दोन मैदानांवरच्या फेऱ्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

मजकुराचा रकाना ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. १०.५ आणि १०.५० हे स्प्रेडशीटला एकच, आपल्याला नाही. पहिलं हातघड्याळाचं, दुसरं फोटो फिनिशचं, म्हणजे विजेच्या घड्याळाचं. हातघड्याळाची वेळ वरच्या दशांशाला नेलेली असते, विजेची वरच्या शतांशाला. क्रमवारीत दोन्ही शेजारी ठेवता याव्यात म्हणून हातघड्याळाच्या वेळेत १०० आणि २०० मीटर आणि छोट्या अडथळा शर्यतींना (१०० आणि ११० मीटर) ०.२४, तर ४०० मीटरला ०.१४ मिळवतो. १०.५ चे १०.७४ होतात, ४७.२ चे ४७.३४. हा आकडा फक्त ‘क्रमवारी’ रकान्यात जातो. छापील वेळेला हात लावायचा नाही. दोघांनी चांगल्या हेतूने मूळ वेळेतच ०.२४ मिळवून ठेवले होते, त्या ओळी पुन्हा मुळावरून भरायला लागल्या.

वाऱ्याचा रकाना १००, २००, दोन्ही छोट्या अडथळा शर्यती, लांब उडी आणि तिहेरी उडी यांना सक्तीचा आहे. शून्य वारा आणि वारा माहीत नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मोजलेला शून्य असेल तर ०.०, नोंदच नसेल तर रिकामं. वारा नेहमी धन दिशेने वरच्या दशांशाला जातो : +२.०३ चे +२.१ होतात आणि विक्रम हुकतो (विक्रमाला +२.० पर्यंतच वारा चालतो), तर −२.०३ चे −२.०. सरळ गोलाईचं सूत्र वापरलं की +२.०३ चे +२.० होतात आणि नसलेला विक्रम वहीत शिरतो. पदकाला मात्र वाऱ्याची अट नाही. त्यामुळे विजेत्याच्या आकड्यापुढे ‘वा’ (वाऱ्याची मदत मर्यादेबाहेर) असलं तरी ओळ पदकतालिकेत राहते, फक्त स्पर्धा विक्रमाच्या साखळीतून वगळली जाते. कतारच्या फेमी ओगुनोडेचे वुहान २०१५ मधले १०० मीटरचे ९.९१ हे +१.८ वर आहेत, म्हणून दोन्हीकडे आहेत. उड्यांचा वारा प्रत्येक उडीचा वेगळा असतो : लांब उडीत खेळाडू फळीपासून ४० मीटरच्या खुणेपाशी आला की पाच सेकंद, तिहेरीत ३५ मीटरपासून. विजयी उडीला सहाव्या उडीचा वारा चिकटवलेला दिसला तर दुरुस्त करा.

फेकींसाठी एक झकास चाळणी सापडली आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत थाळी, हातोडा आणि भाला यांचं अंतर खालच्या सम सेंटिमीटरला नेत. म्हणजे त्या काळातल्या या तीन प्रकारांत शेवटचा आकडा ०, २, ४, ६, ८ असाच हवा. अंतराचे सेंटिमीटर करून दोनने भागा. बाकी एक उरली तर टंकनाची चूक आहे, मूळ पान उघडा. गोळाफेक या चाळणीत घालू नका, ती एका सेंटिमीटरपर्यंतच मोजत.

भाल्याची यादी मात्र तोडायलाच हवी होती आणि आता तोडली आहे. पुरुषांचा भाला १९८६ मध्ये बदलला, गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला, अंतरं घटली. म्हणून जकार्ता १९८५ पर्यंत एक यादी आणि सिंगापूर १९८७ पासून दुसरी. महिलांचा बदल १९९९ चा, तिथे रेघ फुकुओका १९९८ आणि जकार्ता २००० यांच्या मध्ये. एकाच यादीत ठेवलं तर विक्रमांची साखळी अनेक वर्षं गोठल्यासारखी दिसते आणि मग कुणीतरी ‘त्या काळात भालाफेक घसरली’ असा निष्कर्ष काढतं.

बहुविध प्रकारांनी (महिलांची सात प्रकारांची हेप्टॅथलॉन, पुरुषांची दहा प्रकारांची डेकॅथलॉन) सर्वांत जास्त छळलं. १९८५ पासून नवे गुणतक्ते लागू झाले, त्यामुळे कुवेत १९८३ पर्यंतचे गुण आणि नंतरचे गुण शेजारी ठेवता येत नाहीत. सातही (किंवा दहाही) कामगिऱ्या मिळाल्या तर नव्या सूत्राने पुन्हा मोजायचे, नाहीतर मूळ गुण ठेवून पुढे ‘जु’ लिहायचं. महिलांच्या जुन्या पेंटॅथलॉनला (पाच प्रकारांची) वेगळं पान आहे.

हेप्टॅथलॉनचं सूत्र : धावण्यात ‘ब’ मधून वेळ वजा करायची, उड्या आणि फेकींत कामगिरीतून ‘ब’ वजा करायचा, उत्तराचा ‘क’ घात, मग ‘अ’ ने गुणायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. १०० मीटर अडथळ्याला अ ९.२३०७६, ब २६.७, क १.८३५. वेळ १३.८० असेल तर २६.७ − १३.८० = १२.९०, आणि गुण १००७. लांब उडीला अ ०.१८८८०७, ब २१०, क १.४१, पण इथे उडी सेंटिमीटरमध्ये हवी. सहा मीटरला ६०० टाकलं तर ८५० गुण येतात, ६.०० टाकलं तर ऋण संख्येचा अपूर्णांक घात होतो आणि रकान्यात चूक झळकते. उंच उडीही सेंटिमीटरमध्येच, गोळा आणि भाला मात्र मीटरमध्ये. गोळ्याचे सेंटिमीटर टाकले तर सूत्र कुरकुरत नाही, अफाट गुण देऊन मोकळं होतं. बेरीज शेवटी पूर्णांकात आणू नका. प्रत्येक प्रकाराचा अपूर्णांक आधी कापायचा, मगच बेरीज, नाहीतर सातांत तीन-चार गुण वाढतात.

तीन-चार गुण म्हणजे काय, तर भुवनेश्वर २०१७ मध्ये स्वप्ना बर्मनचे ५९४२ आणि गुमीत नंदिनी अगसराचे ५९४१. दोन्ही सुवर्ण, फरक एका गुणाचा. ८०० मीटर २:१५ च्या आसपास पळताना एक गुण म्हणजे साधारण सात शतांश सेकंद. चुकीची बेरीज या दोघींची जागा सहज उलटी करेल.

पदकतालिकेत आता दोन रकाने आहेत : ‘त्या दिवशी’ आणि ‘आज’. भुवनेश्वरला ८०० मीटरमध्ये अर्चना आढाव पहिली आली, पण श्रीलंकेच्या हरकतीनंतर अपात्र ठरली आणि सुवर्ण निमाली वलिवर्षाला गेलं. हा निकाल स्पर्धा चालू असतानाच बदलला, म्हणून तो ‘त्या दिवशी’ मध्येच बदललेला असतो. त्याच स्पर्धेतलं मनप्रीत कौरचं गोळाफेकीचं १८.२८ नंतर उत्तेजक चाचणीमुळे रद्द झालं, तसंच दोहा २०१९ मधलं गोमती मारिमुथूचं ८०० मीटरचं २:०२.७०. या ओळी पुसायच्या नाहीत. फिकट रंग, ‘आज’ मध्ये शून्य, आणि मागच्या खेळाडूंची बढती अधिकृत निकालात दिसल्यावरच.

विक्रमांच्या साखळीत या खेपेचा मोठा बदल महिलांच्या स्टीपलचेसमध्ये आहे. वुहान २०१५ मधलं साताऱ्याच्या ललिता बाबरचं ९:३४.१३ इतकी वर्षं टिकलं. गुमीत नोरा जेरुटोने ९:१०.४६ केलं, मागून पारुल चौधरी ९:१२.४६. एका झटक्यात २३.६७ सेकंद! तपासणीच्या सूत्राने ही ओळ आपोआप ‘संशयास्पद’ ठरवून लाल केली होती, ती हाताने सोडवली. लांब पल्ल्यासाठी मर्यादा दोन टक्क्यांवरून पाच टक्के केली आहे.

नावांचा ‘खेळाडू क्रमांक’ सुरू झाला. कारण जेरुटो आधी केनियाची, आता कझाकस्तानची. कतारचा सैफ सईद शाहीन हा मूळचा केनियाचा स्टीफन चेरोनो. चिनी नावांत आडनाव आधी. आणि उषा परदेशी याद्यांत ‘पिलावुल्लाकंडी’ खाली सापडते. देश मात्र खेळाडूच्या पानावर लिहायचा नाही, प्रत्येक ओळीत त्या दिवशीचा लिहायचा.

पुढचं काम : पुणे २०१३ ची बालेवाडीतली पात्रता फेऱ्यांची पानं. स्पर्धा आधी चेन्नईला ठरली होती, त्यामुळे काही याद्यांत शहर अजून चेन्नईच आहे. विकास गौडाच्या थाळीफेकीच्या ६४.९० समोरही. ज्यांच्याकडे त्या आठवड्यातली मराठी वर्तमानपत्रं आहेत त्यांनी वाऱ्याचे आकडे छापलेत का तेवढं बघून कळवा. मथळे नकोत, खालचे बारीक अक्षरातले निकाल हवेत.