तुम्ही विचारलंत म्हणून: आरामखुर्ची रिकामी का?

गणपतीत मुंबईहून माणसं आली की पडवीत पाय टाकताच एकच प्रश्न येतो, "एवढी छान आरामखुर्ची रिकामी, आणि काकींना त्या सरळसोट खुर्चीत का बसवलंय?" काकी म्हणजे माझ्या सासूबाई. यंदाही दोघांनी विचारलं. सांगते.

ती आरामखुर्ची सासऱ्यांची. सागाची, वेताने विणलेली, लांब हातांची. सासूबाईंना डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झाला, त्या उठून बावीकडे, म्हणजे विहिरीकडे, चालू लागायच्या, तेव्हा आम्हीच त्यांना तिच्यात बसवायला लागलो. सकाळची पेज झाली की बसवायचं, ते थेट जेवणापर्यंत. त्या गप्प बसत आणि आम्हाला वाटे, चला, रमल्या. रमल्या कसल्या! त्या खोल खुर्चीतून त्यांना उठताच येत नव्हतं. दोरी नव्हती एवढंच.

एकदा आंघोळ घालताना माकडहाडावर रुपयाएवढा डाग दिसला. सावळ्या अंगावर तो लाल दिसत नाही, जांभळट दिसतो. हात लावला तर आजूबाजूपेक्षा गरम. दोन दिवसांत तिथली साल गेली. उपकेंद्रातल्या सिस्टर आल्या. मी गादी, चादर दाखवायला लागले, तर त्या म्हणाल्या, "झोपतात कुठे ते असू दे, दिवसभर बसतात कुठे?" अशा दाबाने होणाऱ्या जखमेला बेडसोर म्हणतात, आणि त्या नावातल्या 'बेड'नेच आम्हाला चकवलं होतं. जखम खुर्चीत झाली होती.

आरामखुर्चीत माणूस हळूहळू पुढे घसरतो आणि भार माकडहाडावर येतो. कातडी वेताला चिकटून राहते, आतलं हाड पुढे सरकतं. घावन बिडाच्या तव्याला चिकटलेलं असताना वरून ढकललं तर मधल्यामधे फाटतं ना, तसं. मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणून बंद होतात. त्यात आमचा दमट उन्हाळा, घाम, कधी लुगडं ओलं. तुम्ही-आम्ही अवघडलो की नकळत बूड हलवतो. त्यांना ते उमगत नव्हतं, किंवा उमगलं तरी पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. नुसता पदर चिवडायच्या, हाका मारायच्या. आम्ही म्हणायचो, डोकं फिरलंय आज.

अल्झायमर हा डिमेन्शियाचाच एक प्रकार. ते नाव ज्यांच्यावरून पडलं त्या डॉक्टरांची रुग्ण ऑगस्टे डेटेर १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात दाखल झाली आणि १९०६ मध्ये गेली. सगळी काळजी घेऊनही तिला अशीच जखम झाली, असं त्यांनी १९०७ च्या लेखात नोंदवलंय. हे वाचलं तेव्हा मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

आधी मेडिकलमधून मधे भोक असलेलं हवेचं कडं आणलं. सिस्टरनी ते काढायलाच लावलं. कड्याचा दाब भोवतालून बसतो आणि मधल्या भागाचं रक्त आणखीच तुटतं.

मग मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी सुतळीने माप घेतलं. जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंत १५ इंच, तेवढीच बैठकीची उंची. पाय लोंबकळले तर माणूस जमीन शोधत पुढे घसरतो. बैठक पोटरीच्या दोन बोटं अलीकडे संपते. हुज्जत झाली ती कलतीवर. नुसती पाठ मागे पाडली तर पुन्हा घसरगुंडी. पाठ आणि बैठक दोन्ही मिळून मागे कलती केली तर घसरत नाहीत, पण उठताही येत नाही. मेस्त्रींनी मागचे पाय अर्धा इंच कापले, सासूबाईंना बसवून-उठवून पाहिलं, आणखी पाव इंच कापले आणि करवत खाली ठेवली. "आता फुडे नको. काकींक उठाक येवक होया."

गादी फोमची, दोन थरांची. त्या बसल्या असताना गादीखाली उताणा हात घालायचा. हाड हाताला लागलं तर फोम मेला समजा. आमचा पहिला एका पावसाळ्यात मेला. रेक्झिन धुवायला सोपं, पण घामट आणि निसरडं, म्हणून वर सुती खोळ. पहिली खोळ फुलाफुलांची होती. बसायच्या आधी त्या वाकून तिच्यावरची अबोली वेचत राहायच्या! शिवाय लाल कोब्यावर तपकिरी खुर्ची त्यांना नीट दिसायची नाही, अर्ध्या हवेतच टेकायला जायच्या. आता खोळ साधी पिवळी आहे. ती दिसते, आणि त्या आपणहून पाठमोऱ्या होऊन बसतात.

तरी खुर्ची कितीही चांगली असली तरी तासाभराने उठवावंच लागतं. "उठा" म्हटलं की हट्टाने बसून राहतात. "आई, पावस इलो, सुपारी भिजतली," म्हटलं की हातांवर जोर देऊन तटकन उभ्या. खळ्यापर्यंत जातात, आभाळाकडे बघतात, मला खोटारडी म्हणतात आणि परत येतात.

जखम भरायला अडीच महिने लागले. आरामखुर्ची पडवीतच आहे. दुपारी तिच्यात मी पडते. मी ५८ वर्षांची, आणि तिच्यातून उठताना मलाही दोन्ही हात लागतात.