चार कामगारांचे वेळापत्रक आणि एका एसएमएसचे एक्केचाळीस दिवस

‘उद्या सकाळी दहा वाजता आमचा माणूस येईल’ एवढे एक वाक्य ग्राहकाला एसएमएसने कळवता यावे, यासाठी मला एक्केचाळीस दिवस लागले. या काळात तीन बोअरवेलच्या मोटारी वर काढून, वाइंडिंग करून पुन्हा खाली सोडल्या. वाक्य मात्र मंजुरीच्या रांगेतच होते. छोट्या व्यवसायासाठी स्वस्त वेळापत्रक-ॲप शोधणाऱ्या कोणालाही हा प्रकार आधी कळायला हवा, कारण विकणारा तो सांगत नाही.

बेळगावच्या शहापुरात माझे पंप दुरुस्ती, वाइंडिंग आणि प्लंबिंगचे दुकान आहे. कामाला चार मुले, तीन दुचाक्या. कामे अनगोळ-वडगावपासून येळ्ळूर, उचगाव आणि राज्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रात चंदगड तालुक्यातल्या शिनोळीपर्यंत. आमच्या कामाची वेळ ग्राहक किंवा मी ठरवत नाही. शेतात थ्री फेज वीज दिवसाचे सात तास आणि तीही पाळ्यांमध्ये येते, त्यामुळे पाळी रात्रीची असेल तर दुपारी गेलेला माणूस मोटार बसवतो, पण चालवून दाखवू शकत नाही. शहरात चोवीस तास पाणी मिळणारे वॉर्ड सोडले, तर इतरत्र नळ काही दिवसांच्या अंतराने येतो आणि जोडणी गळते की नाही हे त्या दिवशीच कळते. वहीत हे सगळे माझ्या अक्षरात होते आणि माझे अक्षर मुलांना लागत नव्हते.

परदेशी ॲपे मी लवकर बाजूला सारली. त्यांचे दर डॉलरमध्ये होते, आणि दर महिन्याला कार्डावरून आपोआप पैसे कापले जाण्याची व्यवस्था मला नको होती. शेवटी एक भारतीय ॲप घेतले. दर माणशी महिना ४५० रुपये, किमान पाच जण, वर्षाचे पैसे आगाऊ. म्हणजे २७,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३१,८६० रुपये. माझी जीएसटी नोंदणी असल्याने कराचा भाग वळता झाला, पण बाकीची रक्कम आमच्या धंद्यात लहान नाही. हो म्हटले ते एकाच गोष्टीसाठी : ग्राहकाला आदल्या दिवशी आपोआप एसएमएस जाईल, असे दाखवले होते. माझे निम्मे ग्राहक खेड्यातले, बटणांचा फोन वापरणारे. त्यांना व्हॉट्सॲपचा उपयोग नव्हता.

पैसे भरल्यावर एसएमएसचे बटण दाबले, तर ‘सेंडर आयडी (पाठवणाऱ्याचे मंजूर नाव) नाही’ असा संदेश आला. फोन केला तेव्हा ‘सर, डीएलटी तुमच्या बाजूने करायचे असते’ असे उत्तर मिळाले. डीएलटी म्हणजे धंद्याच्या एसएमएससाठीची नोंदणी. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यवसायाने ग्राहकांना असे एसएमएस पाठवायचे तर आधी दूरसंचार कंपनीच्या पोर्टलवर व्यवसायाची नोंदणी करावी लागते, मग पाठवणाऱ्याचे नाव मंजूर करून घ्यावे लागते, मग प्रत्येक संदेशाचा मजकूर. नियम नको असलेल्या संदेशांना आळा घालण्यासाठी आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नाकारताना एका शब्दापलीकडे कारण न देण्याबद्दल.

नोंदणीसाठी करासह ५,९०० रुपये गेले. पॅन, जीएसटी प्रमाणपत्र आणि लेटरहेडवरचे अधिकारपत्र जोडले. सहा दिवसांनी अर्ज परत आला. कारण, ‘विसंगती’. कसली, ते लिहिलेले नव्हते. शेवटी माझ्या लक्षात आले की लेटरहेड २०१४ पूर्वी छापलेले होते, त्यावर इंग्रजीत जुन्या पद्धतीने बेळगाव होते आणि जीएसटी प्रमाणपत्रावर बेळगावी. नवे लेटरहेड छापून शिक्का-सहीसह पाठवले, ते मंजूर झाले. विसंगती तीच होती की दुसरी, हे मला आजही कोणी सांगितलेले नाही. पण ज्यांच्या कपाटात जुनी लेटरहेडे आहेत त्यांनी ती रद्दीत घालूनच सुरुवात करावी.

त्यानंतर पाठवणाऱ्याचे नाव. ते रोमन लिपीत सहाच अक्षरांचे असते. आमच्या दुकानाला देवाचे नाव आहे आणि त्या नावाची सगळी सुचणारी संक्षिप्त रूपे आधीच कोणी ना कोणी घेतलेली होती. वेगळे रूप सुचवले, तर ‘अर्जदाराशी संबंध दिसत नाही’ म्हणून नाकारले, कारण एकल मालकीत पॅनवर माझे स्वतःचे नाव असते आणि दुकानाचे नाव फक्त जीएसटी प्रमाणपत्रात व्यापारी नाव म्हणून येते. त्या ओळीवर लाल खूण करून प्रमाणपत्र पुन्हा जोडले, तेव्हा कोठे ते सुटले.

खरी कसोटी मजकुराची होती. पहिल्या वेळी मी ‘ट्रान्झॅक्शनल’ हा प्रकार निवडला; तो तेव्हा बँकांच्या ओटीपीसाठी होता, आपल्यासारख्यांनी ‘सर्व्हिस इम्प्लिसिट’, म्हणजे ग्राहकाला सेवेची माहिती देणारा प्रकार, निवडायचा होता. दुसऱ्या वेळी मजकुरात दुकानाचे नाव नव्हते. तिसऱ्या वेळी मराठी मजकूर असूनही मी ‘युनिकोड’ ऐवजी ‘टेक्स्ट’वर खूण केली होती, ही चूक सर्वस्वी माझी. प्रत्येक फेरीला तीन ते पाच दिवस. दरम्यान मुले सकाळी दुकानात येऊन ‘मालक, आज कुठे?’ असे विचारत आणि मी पोर्टल उघडे ठेवून पुन्हा तीच वही काढत असे.

मराठी एसएमएसचा आणखी एक खर्च आहे. इंग्रजी संदेश १६० अक्षरांपर्यंत एकाच दरात जातो, देवनागरी किंवा कन्नड लिपीत ही मर्यादा ७० वर येते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे स्वतंत्र मोजले जाते : ‘माणूस’ आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, तिथे तो पाच भरतो. दुकानाचे नाव घातल्यावर माझा साधा संदेश दोन एसएमएसच्या दराचा झाला. मजकुरातल्या, ग्राहकागणिक बदलणाऱ्या जागेत तीस अक्षरेच बसतात, म्हणून ‘मारुती मंदिरामागे, पाण्याच्या टाकीसमोर’ असा आपल्याकडचा खरा पत्ता तिथे घालू नये. माझे दोन संदेश त्यामुळेच गेले नाहीत.

शेवटी ॲपची कंपनी आणि माझी नोंदणी यांची साखळी पोर्टलवर जोडायची राहिली होती, त्यात आणखी चार दिवस गेले. एक्केचाळिसाव्या दिवशी पहिला संदेश उचगावच्या एका आजींना गेला. मला खरोखर आनंद झाला. दहा मिनिटांत त्यांचाच फोन आला : ‘मेसेज आलाय खरं, माणूस कवा धाडतासा ते सांगा की!’ वार आणि वेळ त्या संदेशातच होती. त्यांना ती वाचता येत नव्हती.

ते ॲप बाजूला ठेवून आता मी गूगल कॅलेंडर वापरतो, ज्याला पैसे पडत नाहीत. प्रत्येक मुलासाठी वेगळ्या रंगाचे कॅलेंडर केले आणि त्याच्या जीमेलवर बदल करण्याच्या परवानगीसह दिले. हे काम संगणकावर बसून करावे. मुलाच्या फोनवर नवे कॅलेंडर लगेच दिसले नाही तर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचे सिंक चालू करावे. मला हे माहीत नसल्याने मी दोन दिवस एका मुलाला विनाकारण बोललो. कॅलेंडर फोनच्या भाषेत दिसते, हा मला सर्वांत मोठा लाभ वाटतो. खानापूरचा मुलगा ते मराठीत पाहतो, बैलहोंगलचा कन्नडमध्ये. विकत घेतलेल्या ॲपमध्ये दोघांनाही इंग्रजीच वाचावी लागत असे. नोंद करताना आधी गाव, मग फोन नंबर, मग काम आणि शेवटी ‘थ्री फेज रात्री’ किंवा ‘पाणी गुरुवारी’ असे लिहितो. पैसे भरलेल्या ॲपमध्ये या शेवटच्या गोष्टीसाठी रकानाच नव्हता.

शहरातल्या ग्राहकांना व्हॉट्सॲप बिझनेसवरून कळवतो. तेही फुकट आहे आणि ठरावीक उत्तर एकदा साठवले की पुन्हा टंकावे लागत नाही. बटणांच्या फोनवाल्यांना संध्याकाळी सातनंतर माझी पत्नी फोन करते. आठ-दहा जणांना वीस मिनिटे पुरतात.

एक गोष्ट सांगायची राहिली. ॲपची मुदत संपण्यापूर्वी ग्राहकांची यादी सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये काढून घ्यावी. माझ्याकडे ती एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी नावांच्या जागी चौकोन आणि चिन्हे दिसली, म्हणून ती गूगल शीट्समध्ये उघडली, तिथे नीट आली. त्या यादीत अनगोळचे एकच गृहस्थ तीन वेळा निघाले, कारण गावाचे इंग्रजी स्पेलिंग तीन मुलांनी तीन प्रकारे केले होते. दुरुस्ती करायला पत्नी आणि मी दोन रविवार बसलो.