बॉयलर गेला, हीट पंप आला: माझा अनुभव

इंग्लंडमधल्या आमच्या जुन्या घराचा गॅस बॉयलर 2024 च्या उन्हाळ्यात अखेरच्या घटका मोजू लागला. सरकारच्या बॉयलर अपग्रेड स्कीममध्ये हीट पंपासाठी, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर घरात आणणाऱ्या यंत्रासाठी, 7,500 पाउंड मिळतात (ऑक्टोबर 2023 पर्यंत 5,000च होते), वर मार्च 2027 पर्यंत व्हॅट शून्य. म्हटलं, घेऊन टाकू.

मी अर्जाचा फॉर्म शोधत बसले. आपल्यासाठी तो नसतोच! अर्ज करतो पंप बसवणारा, आणि त्याच्याकडे एमसीएस, म्हणजे अशी यंत्रं बसवणाऱ्यांचा दर्जा तपासणाऱ्या योजनेचं, प्रमाणपत्र लागतं. अनुदानही त्यालाच जातं, आपल्या बिलातून तेवढे वजा होतात. म्हणजे सगळी भिस्त माणूस निवडण्यावर.

पहिला आला, बॉयलरवरचा आकडा बघितला आणि दहा मिनिटांत कोटेशन देऊन गेला. दुसरी आली ती लेझर मीटर घेऊन. तीन तास होती. प्रत्येक खोलीच्या भिंती, खिडक्या, छताची उंची, सगळं मोजलं; माळ्यावर चढून इन्सुलेशनमध्ये पट्टी खुपसून जाडी पाहिली. "बॉयलर सत्तर अंशांचं पाणी फिरवतो. पंपाला पंचेचाळीसवर राहू द्या, वीज कमी खाईल," ती म्हणाली. कमी गरम पाण्याने खोली तापवायची तर रेडिएटर मोठे हवेत. आमचे तीन बदलले. खर्च जिवावर आला. पण वीज तेव्हा इथे गॅसच्या जवळजवळ चौपट महाग होती. बॉयलरमध्येही थोडा गॅस वाया जातो हे धरलं, तरी एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता मिळाली, तर कुठे जेमतेम बरोबरी व्हायची.

कागदपत्रांत घोळ माझाच. घराचं ऊर्जा प्रमाणपत्र, म्हणजे ईपीसी, दहा वर्षं चालतं. आमचं संपून गेलेलं. नवं काढलं. त्यात सुचवलेलं इन्सुलेशन आधी करून घ्यायची अट नशिबाने मे 2024 मध्येच गेली होती. मग अर्जाला संमती मागणारा ऑफजेमचा (ही योजना चालवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेचा) ईमेल नऊ दिवस स्पॅममध्ये पडून राहिला. पंप बसवणाऱ्या बिचारीने दोनदा फोन केला तेव्हा मी शोधला. अनुदानाचं व्हाउचर मिळालं, तीन महिन्यांच्या मुदतीचं.

बाहेरचं युनिट बाजूच्या बोळात बसवायचं ठरलं होतं. पण वेगळी परवानगी न काढता बसवायचं तर ते हद्दीपासून एक मीटर आत हवं, आणि बोळच जेमतेम मीटरभर. शेवटी ते मागच्या बागेत गेलं, पाइपांचा खर्च वाढला. ती अट मे 2025 मध्ये रद्द झाली. तोवर आमचा पंप गुलाबाच्या वाफ्यात ठाण मांडून बसला होता.